तीनशे चाळीसवर थांबलेली कॅसेट

मी एक जुना रिवाइंडर आहे. मित्रांनो, रिवाइंडर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नाही, हे तुमच्या चेहऱ्यावरच दिसतंय. चालायचंच. ज्यांना सिनेमा मागे न्यायला एक बोट पुरतं, त्यांच्याकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही.

तरी सांगतो, ऐका. पूर्वी सिनेमा कॅसेटमध्ये असे. पुस्तकाएवढी काळी डबी, आत दोन चाकं आणि त्या चाकांवर गुंडाळलेली लांबच लांब तपकिरी फीत. सिनेमा बघत जावं तशी फीत एका चाकावरून दुसऱ्यावर जाई. पुढच्या माणसाला तो पहिल्यापासून बघता यावा म्हणून ती परत मागे गुंडाळावी लागे. हे काम कॅसेट टीव्हीवर दाखवणारा व्हीसीआरही करी, पण त्यात त्याचा जीव झिजे. म्हणून माझ्यासारख्यांना जन्माला घातलं. पुढे गेलेलं मागे आणायचं, एवढंच माझं काम. पण मी स्वतःला कधी हमाल समजलो नाही. मी स्वतःला न्यायाधीश समजत आलो.

दिसायला मात्र मी पोरखेळच. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथल्या कुणा शहाण्याला वाटलं की रिवाइंडरला लाल मोटारीचा आकार द्यावा. टप वर उघडायचं, कॅसेट आत ठेवायची, टप मिटलं की पुढचे दोन दिवे लागायचे आणि मी घुर्र करत गुंडाळायला लागायचो. चार चाकं होती, पण तीही खोटी. शेकडो मोटारी एका पट्ट्यावरून ओळीने सरकत होत्या आणि एक बाई जांभई देत प्रत्येकीचे दिवे लागतात का ते बघत होती. माझे लागले. तिने पुढे ढकललं. एवढंच माझं बारसं.

मला दुकानात आणलं ऑपरेटरने. आमच्या रस्त्याच्या टोकाला पाचशे खुर्च्यांचं एक थिएटर होतं, तिथे तो प्रोजेक्टर चालवायचा. सगळं गाव त्याला ऑपरेटर म्हणे. त्याची सख्खी थोरली बहीणसुद्धा ऑपरेटरच म्हणे. त्या बहिणीची कॅसेट लायब्ररी होती. लोक घरी सिनेमा न्यायचे, दुसऱ्या दिवशी परत आणायचे. तिला सगळे मावशी म्हणत.

"ताई, हे घे. तुझा व्हीसीआर खोकायला लागलाय," असं म्हणून त्याने मला गल्ल्यावर ठेवलं.

"मोटार कशाला आणलीस? मला चालवता येत नाही."

"यात तू बसायचं नाहीस. कॅसेट बसवायची."

मावशीने टप उघडून आत डोकावून पाहिलं. मग पदराने माझं बॉनेट पुसलं. मला ते फारसं रुचलं नाही. मी नवाकोरा होतो. पण ती सगळ्यांनाच पुसायची. कॅसेटी पुसायची, गिऱ्हाइकांच्या पोरांची नाकं पुसायची, आणि सिनेमा लागला की स्वतःचे डोळे पुसायची. कुठलाही सिनेमा दाखवा, पहिल्या गाण्यालाच हिच्या डोळ्यांना धार. एकदा तर एका विनोदी सिनेमातल्या खलनायकाचा चहा सांडला म्हणून रडली. "बिचाऱ्याला कुणी दुसरा कपही दिला नाही," म्हणाली.

आता माझ्या न्यायदानाकडे येऊ. माझ्या मागच्या बाजूला तीन आकड्यांचं एक मीटर होतं. कॅसेट किती गुंडाळली तो आकडा त्यात दिसे. शेवटपर्यंत पाहिलेला सिनेमा असला की सहाशेच्या घरातला आकडा येई. पहिल्या पंधरा मिनिटांत बंद केलेला असला की साठ-सत्तर. नवे व्हीसीआर सिनेमा संपला की आपणहून मागे यायचे. पण आमच्या गिऱ्हाइकांकडचे सगळे जुने, संपलं की जागच्या जागी थांबणारे. म्हणजे कोण कुठे थांबला, ते मला कळायचंच. तोंडाने काय वाटेल ते सांगा, फीत खोटं बोलत नाही.

आणि काय काय सांगायची माणसं. गल्ल्यावर कोपर टेकवून मतं द्यायची, फुकटची. हा हिरो संपला. तिचं काम बरं, पण नाक बरं नाही. पहिला भाग छान होता, दुसरा भाग काढायला नको होता. गाणी कापली असती तर सिनेमा कुठल्या कुठे गेला असता. असं म्हणून कॅसेट माझ्यात पडायची आणि आकडा यायचा पंचावन्न. पंचावन्नला तर अजून हिरोही आलेला नसतो. दुसऱ्या भागावर मत देणाऱ्याने पहिला भागही शंभराच्या पुढे नेलेला नसे. एक गृहस्थ परदेशी, बक्षीस मिळालेला सिनेमा दर शनिवारी न्यायचे. माझ्यात घातला की आकडा शून्य. ती कॅसेट ते टीव्हीवर नुसती ठेवायचे, पाहुण्यांना दिसावी म्हणून.

या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे जाणकार. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून, पण सिनेमावर बोलायला लागला की वाटावं, सगळे दिग्दर्शक याच्याकडे शिकवणीला होते. एक साडेतीन तासांचा युद्धाचा सिनेमा त्याचा लाडका. "मावशी, शेवटची पंधरा मिनिटं. अंगावर काटा येतो," असं तो दर वेळी सांगायचा. दर वेळी त्याची कॅसेट एकशे बाराला थांबलेली. एकशे बारापर्यंत त्या सिनेमात युद्ध जाहीरही झालेलं नसावं.

मी मनातल्या मनात हसायचो. खरं सांगतो मित्रांनो, माणसाबद्दल आदर ठेवायला मला जागाच उरली नव्हती.

तुम्ही विचाराल, तू स्वतः किती सिनेमे पाहिलेस? एकही नाही. मी फीत गुंडाळतो, मला चित्र दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. आणि गरजही वाटली नाही. आकडा पुरेसा होता.

मावशीला माझं हे मीटर फार आवडलं. तिला स्वतःच्या आवडीवर भरवसा नव्हता. "मला सगळंच आवडतं, माझं काय धरता?" असं ती म्हणायची. म्हणून तिने एक पद्धत काढली. प्रत्येक कॅसेटच्या डबीत एक पुठ्ठ्याचं कार्ड ठेवलं. कॅसेट परत आली की माझ्यात घालायची, आकडा बघायचा, कानामागची पेन्सिल काढून कार्डावर लिहायचा. नाव नाही, तारीख नाही, नुसता आकडा. कुणी "मावशी, काही चांगलं सांगा" म्हणालं की ती कार्डं काढायची आणि असा सिनेमा शोधायची, जो फार थोड्यांनी नेला पण नेणाऱ्या प्रत्येकाने शेवटपर्यंत पाहिला.

"हा न्या. याला कुणी विचारत नाही, पण मध्येच कुणी सोडलेलाही नाही."

या पद्धतीने तिने कितीतरी दबलेले सिनेमे वर काढले. एक होता पोस्टमनचा, ज्यात तो पत्रं वाटता वाटता सगळ्या गावाची भांडणं मिटवतो आणि स्वतःच्या बायकोशी मात्र बोलत नाही. एक होता भुताचा, त्यात भूतच भित्रं. एक होता दोन म्हाताऱ्या शिक्षकांचा, निवृत्तीनंतर बुद्धिबळ खेळताना एकमेकांची जुनी लबाडी बाहेर काढणारा. नटनट्या कुणाला माहीत नसलेल्या. कव्हरवरचं चित्रही धड छापलेलं नाही. लोक नाकं मुरडत न्यायचे आणि परत आणताना म्हणायचे, "अजून असा आहे का?" श्रेय सगळं मावशीला मिळायचं. मी गप्प राहायचो. निकाल माझा होता, हे मला ठाऊक होतं, तेवढं पुरे.

या दबलेल्यांमध्ये दोन सिनेमे माझ्या खास लक्षात राहिले. एक नावाड्याचा. नदीवर पूल होतोय आणि म्हाताऱ्या नावाड्याचं काम जाणार, एवढीच गोष्ट. त्याच्या कार्डावर एकोणीस आकडे, आणि एकोणीसच्या एकोणीस सहाशे दहा. एकानेही मध्ये सोडलेला नाही. असला निष्कलंक सिनेमा माझ्या उभ्या आयुष्यात दुसरा आला नाही. दुसरा शिंपिणीचा. त्याच्या कार्डावरही बरेच आकडे. पण तीनशे चाळीस, तीनशे चाळीस, तीनशे एकेचाळीस, तीनशे एकोणचाळीस. ज्याने ज्याने नेला, त्याने निम्म्यावर सोडला. एकालाही पुढे जावंसं वाटू नये असं काय भिकार केलं असेल त्या बाईने, असं वाटून मी तो गुंडाळताना तोंड वाकडं करायचो. मावशीनेही तो तळच्या फळीवर, झाडूमागे टाकला होता.

आता नीट ऐका, कारण इथून पुढे माझं शहाणपण उतरतं.

एका दुपारी ऑपरेटर दुकानात आला आणि स्टुलावर बसला.

"काय रे, गप्प का?" मावशीने विचारलं.

"थिएटर जातंय, ताई. मालक म्हणाले, शुक्रवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत, एक आठवडा तुझा. सिनेमा तू निवड. गुरुवारी संध्याकाळचा सहाचा खेळ ते स्वतः येऊन बघणार. निम्म्या खुर्च्या भरलेल्या दिसल्या तर चालू ठेवतील. नाहीतर टायरचं गोदाम."

"आणि तू?"

"मी काय, टायर मोजीन." मग तो हसला, पण तसलं हसू मला आवडत नाही. "तुझ्या या डब्यांनी खाल्लं माझं थिएटर. तोंडावर सांगतो, राग धरू नकोस."

मावशीने राग धरला नाही. तिने हातातली कॅसेट खाली ठेवली. भावाचं म्हणणं खोटं नव्हतं. लोक घरी पाय पसरून सिनेमा बघायला लागल्यापासून पाचशे खुर्च्यांत पन्नास माणसं बसायची, आणि त्या कॅसेटी ज्या दुकानातून जायच्या ते दुकान तिचं होतं. ऑपरेटर प्रोजेक्टरशिवाय दुसरं काही शिकला नव्हता. शाळा सोडून त्या प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये शिरला, तेव्हा तिनेच त्याला पाठवलं होतं, पहिल्या दिवशी डबा देऊन.

"मी सांगते कुठला सिनेमा लावायचा," ती म्हणाली. "माझं मत नाही सांगत. आकडा सांगते."

जाणकार तिथे होताच. असा मनुष्य नको तिथे असतोच.

"आकडा कसला बघता? युद्धाचा लावा. शेवटची पंधरा मिनिटं बघून माणसं खुर्च्या सोडणार नाहीत."

"जाणकारसाहेब, त्या सिनेमात लोक शेवटपर्यंत पोचतच नाहीत," मावशी म्हणाली आणि नावाड्याचं कार्ड त्याच्यापुढे धरलं. "हे बघा. एकोणीस वेळा गेला. एकोणीस वेळा पूर्ण."

जाणकाराने कार्ड उलटं करून पाहिलं, जणू मागे खुलासा असेल. मी मीटरमधून त्याच्याकडे पाहत होतो. एवढा अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता आणि त्यानंतर कधी वाटायची सोय राहिली नाही.

नावाड्याच्या सिनेमाची मोठी प्रिंट मिळवायला ऑपरेटर वितरकाच्या गोदामात गेला. असल्या सिनेमाला इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नव्हतं. गोदामाच्या माणसाने ती दिलीच, वर शेजारची शिंपिणीचीही उचलून दिली. "हीपण ने. जागा अडते," म्हणाला. मावशीने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, कॅसेट नेऊ नका, शुक्रवारी थिएटरला जा. लोकांचा तिच्यावर विश्वास होता. शुक्रवारी अडीचशेच्या वर माणसं आली.

त्या खेळात काय झालं, ते शनिवारी सकाळी ऑपरेटरनेच सांगितलं. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"अर्ध्या तासात पहिली रांग मान टाकून. मध्यंतरात चहाच्या गाडीवर चार माणसं. मध्यंतरानंतर मी केबिनच्या खिडकीतून बघतोय, सगळं थिएटर एका लयीत घोरतंय. सिनेमा संपला, दिवे लागले, आणि कुणी उठेना. झाडूवालीने बादली आपटली तेव्हा कुठे लोक जागे झाले."

"सगळे?" मावशीने विचारलं.

"एक माणूस जागा होता. नावाडी."

तेवढ्यात जाणकार पायरी चढला. "मावशी, मानलं तुम्हाला. संथपणा हीच त्या सिनेमाची भाषा आहे. आणि शेवट, शेवट तर अंगावर येतो."

"तुमच्या अंगावर शेवट नाही आला, झाडूवाली आली," ऑपरेटर म्हणाला. "तुमचा चष्मा खुर्चीखाली सापडलाय. केबिनमध्ये ठेवलाय."

जाणकार चष्म्याशिवाय आला होता हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. पण मला त्याच्यावर हसता येईना. मी एकोणीस वेळा सहाशे दहा दाखवलं होतं. कुठे चुकलं?

उत्तर तासाभरात चालत आलं. रुग्णालयातली एक परिचारिका आमची नेहमीची गिऱ्हाईक. तिची रात्रपाळी असायची, दिवसा झोप लागायची नाही. तिच्या हातात नावाड्याचीच कॅसेट होती.

"मावशी, थिएटरात हाच लावलात म्हणे?" ती म्हणाली. "पण खुर्चीत बसून मान अवघडेल की लोकांची. आडवं पडायची सोय केली असतीत तर."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? माझ्या गोळ्या बंद झाल्या या सिनेमाने. लावायचा, ते पाणी हलायला लागतं, वल्हं चुबुक चुबुक वाजतं, की गेले मी. कधी संपतो कळतही नाही. कामावरच्या चौघींनाही मीच सांगितलाय. त्यांनाही लागू पडतो."

मावशीने कार्ड काढलं. "हा एकोणीस वेळा गेला."

"त्यातले अकरा तर माझेच."

"मला वाटलं, तुला आवडतो."

"आवडतो की," ती म्हणाली. "असा गुणकारी सिनेमा दुसरा नाही."

मित्रांनो, फीत शेवटपर्यंत गेली म्हणजे माणूस शेवटपर्यंत गेला, असं मी धरून चाललो होतो. समोरचा माणूस घोरत असेल हे माझ्या मीटरला कसं कळणार? मला ते कळायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की कळत नव्हतं तर मी एवढा ताठ कशाला होतो?

ऑपरेटर उठला. "जातो. आज चाळीस माणसं आली तर नशीब."

परिचारिका सहज म्हणाली, "शिंपिणीचा लावायचा होता ना. तो लावला असतात तर मी सासूबाईंना घेऊन आले असते."

"तो?" मावशीने झाडूमागून कॅसेट काढली, डबी उघडली. "अगं, तो तर सगळे निम्म्यावर सोडतात. हे बघ. तीनशे चाळीस. तीनशे चाळीस. तीनशे एकेचाळीस."

"सोडतात कुठलं, मावशी? पूर्ण बघतात. पूर्ण बघून झाला की मागे नेऊन तोच प्रसंग परत लावतात. आमच्या सासूबाईंनी चार वेळा लावायला लावला. मग तिथेच कॅसेट काढून देतो."

"कुठला प्रसंग?"

"तिचा मुलगा कितीतरी वर्षांनी येतो तो. गिऱ्हाईक म्हणून. आपण कोण ते त्याच्याच्याने सांगवत नाही, शर्ट शिवायचाय म्हणतो. ती मान वर न करता माप घेते. छाती, गळा. पाठीवर आली की टेप खाली ठेवते आणि विती मोजायला लागते, लहानपणी मोजायची तशी. आणि विचारते, जेवून आलायस का."

मावशीने डोळ्यांना पदर लावला. "मी बघितला तेव्हा मलाही रडू आलं होतं," ती म्हणाली. "पण मला कशालाही येतं, म्हणून मी धरलंच नाही."

माझं तर तिथल्या तिथे टप मिटलं. आकडा मला कॅसेट कुठे थांबली ते सांगत होता. ती तिथे पुढे जाताना थांबली की परत येऊन थांबली, हे त्याने मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जाणकार निदान एकशे बारापर्यंत तरी बघायचा. मी काहीच न बघता निकाल दिले होते, आणि एका निकालापायी ऑपरेटरचं थिएटर टायरखाली जात होतं.

शनिवारी चाळीस माणसं आली. रविवारी एकोणीस, उशा घेऊन आलेली दोन धरून. सोमवारी ऑपरेटरने शिंपिणीची प्रिंट लावली. बारा माणसं. मावशी पुन्हा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होती, पण आता लोक तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसायचे. "मावशी, झोप चांगली लागते ना यात?" ती रागावली नाही. "एकदा फसलात माझ्यामुळे," म्हणायची, "दुसऱ्यांदा माझ्यासाठी जा." अशी ती. मी असतो तर म्हणालो असतो, खड्ड्यात जा. सोमवारच्या बाराजणांनी मंगळवारी घरच्यांना आणलं, घरच्यांनी बुधवारी शेजाऱ्यांना. तिने गुरुवारी दुपारी दुकानाला कुलूप लावलं, असं माझ्या माहितीत पहिल्यांदाच, आणि स्वतः सहाच्या खेळाला गेली.

पुढचं ऑपरेटरने शुक्रवारी सकाळी सांगितलं. बहीण तर तिथे होतीच, तरी तो तिलाच सांगत होता.

"मालक पडद्याकडे पाठ करून उभे, माणसं मोजत. सिनेमा सुरू झाल्यावर केबिनमध्ये येऊन म्हणाले, दोनशे अकरा. निम्मे नाहीत. मी म्हटलं, हो. म्हणाले, संपेपर्यंत थांबतो, किल्ली घेऊनच जातो. आणि केबिनच्या दुसऱ्या खिडकीशी उभे राहिले. मी काय बोलणार? मी रीळ बघत होतो."

"मग तो प्रसंग आला," मावशी म्हणाली.

"आला. ती विती मोजते. थिएटरात कुणी खोकतही नाही. ती विचारते, जेवून आलायस का. आणि तुझ्याच रांगेतून कुणीतरी म्हातारी ओरडली, ऑपरेटर, परत लाव रे तेवढं."

"परिचारिकेची सासू. माझ्या शेजारीच बसली होती."

"ती. आणि मग सगळं थिएटर. परत लाव, परत लाव. घरी कॅसेट मागे न्यायची खोड लागलेली ना सगळ्यांना. थिएटरात असं होत नाही, ताई. प्रोजेक्टर बंद करावा लागतो, रीळ उतरवायचं, हाताने मागे फिरवायचं, परत ओवायचं. पाच मिनिटं अंधार. आणि बाजूला मालक उभे."

"मग?"

"मग काय. उतरवलं."

त्या पाच मिनिटांत, तो म्हणाला, एकाही माणसाने शिटी मारली नाही. सगळे अंधारात बसून राहिले. त्याने हाताने रीळ मागे फिरवलं, माझंच काम, पण त्याला ठाऊक होतं कुठपर्यंत न्यायचं आणि कशासाठी. मग शिंपिणीने परत पाठीवर वीत ठेवली, परत विचारलं, आणि सिनेमा पुढे गेला. शेवटपर्यंत. दिवे लागले. ऑपरेटरने केबिनची किल्ली खिशातून काढली आणि मालकांपुढे धरली.

"त्यांनी घेतली नाही," तो म्हणाला. "बराच वेळ नाक शिंकरत होते. मग म्हणाले, दोनशे अकरा माणसं, आणि तेच दोनदा बघितलं. दोनशे अकरा दुणे किती? मी म्हटलं, चारशे बावीस. म्हणाले, झाले की निम्म्याच्या वर. उद्याही हाच लाव."

मावशीने स्टूल पुढे ओढलं, भावाला बसवलं आणि त्याची पाठ नुसती चोळत राहिली.

त्यानंतरही तिने कॅसेटी माझ्यातच गुंडाळल्या, पण आकडा लिहिणं बंद केलं. सगळी कार्डं काढून टाकली. कॅसेट परत आली की माणसालाच विचारायची, "कुठे थांबलात? का?" माणसं आधी थापा मारायची. मग हळूहळू खरं सांगायला लागली. कुणी झोपलेला असे, कुणाकडे पाहुणे आलेले असत, कुणाला तो प्रसंग बघवलाच नसे. एकदा तर जाणकार म्हणाला, "खरं सांगू मावशी, युद्धाचा सिनेमा मला कळतच नाही, पण कचेरीत सगळे त्याचंच बोलतात." मावशीने त्याला भित्र्या भुताचा सिनेमा दिला. तो त्याने पूर्ण पाहिला. निदान तसं म्हणाला, आणि तिने त्याच्या डोळ्यांकडे बघून मान्य केलं.

पुढे कॅसेटी गेल्या, सीडीच्या चकत्या आल्या, चकत्याही गेल्या. माझा पट्टा तुटला तेव्हा कुणी दुरुस्तीला नेलं नाही. न्यावं असं कामच उरलं नव्हतं. आज मी मावशीच्या घरी कपाटावर असतो, आणि तिथून मला तिच्याकडे जमणारे तुम्ही दिसता. बसता, दहा मिनिटं बघता, बोट फिरवता, दुसरा लावता. आणि दुसऱ्या दिवशी मित्रांना सांगता, बकवास आहे. ज्याला चार माणसं बकवास म्हणतात त्याला तुम्हीही न बघता बकवास म्हणता. तुमच्याबद्दल मला काय वाटतं ते मी सुरुवातीलाच सांगितलं, ते परत घेत नाही. फक्त त्यात माझंही नाव लिहा, सगळ्यात वर.

माझी पुसापुशी करू नका, दुरुस्ती करू नका. तेवढ्या श्रमात एखादा विसरलेला सिनेमा काढा, ज्याचं कव्हर फाटलेलं आहे, आणि तो जागेपणी शेवटपर्यंत बघा. नाही आवडला तर खुशाल शिव्या द्या, तेवढा हक्क तुम्ही कमावलेला असेल. आणि मित्रांनो, एवढं ऐका. कुणी एखाद्या जागी थांबलेला दिसला, सिनेमात असो नाहीतर घरात, तर हा पुढे जाऊ शकला नाही असं लगेच ठरवू नका. जवळ जाऊन विचारा. कदाचित तो पुढचं सगळं बघून परत आलेला असेल.